पाणवठा आणि दफनभूमि

भोरहून भाटघरची वाट फार लांबची नाहीं. मे महिन्याच्या अखेरीस त्या वाटेनें गेलें, म्हणजे धरणाच्या भिंतीमागें जें दिसतें तें पाहून शहरांतला मनुष्य जरा दचकतो. पाणी दूर, खोलगट भागांत उरलेलें असतें. अलीकडे भेगा पडलेली गाळाची जमीन, तींत जुन्या बांधांच्या ओळी, कोठें एखाद्या चौथऱ्याचे दगड. वेळवंडी नदीच्या पात्रांतलें कांबरेश्वराचें देऊळ वर्षांतले बहुतेक महिने पाण्याखालीं असतें. तें याच दिवसांत उघडें पडतें आणि आसपासचे लोक दर्शनाला लोटतात. मृग चांगला बरसला कीं देव पुन्हां पाण्यांत जातो.

श्रोतेहो, आजचें माझें भाषण देवळाविषयीं नाहीं. नदीकांठचें गांव म्हटलें कीं देऊळ आलें, घाट आला, आणि गांवापासून थोडी दूर, बहुधा नदीच्याच कांठीं, माणसें जाळण्याची आणि पुरण्याची जागाहि आली. वेळवंडीचें खोरें पाण्याखालीं गेलें तेव्हां देवळाबरोबर कांठावरचें सगळेंच गेलें. देवळाचें शिखर वर येतें म्हणून आपण त्याची आठवण ठेवतों. पुरलेल्या माणसांना शिखर नसतें.

विषय जेवणाच्या वेळेस ऐकण्यासारखा नाहीं, हें मला ठाऊक आहे. पण नळाचें पाणी आपण जेवणाच्याच वेळेस पितों, आणि तें कोठून येतें याचा विचार केव्हां तरी करावा लागतो. पिण्याच्या सार्वजनिक पाण्याजवळ दफनभूमि असूं नये, अशा अर्थाचे निर्बंध जगांत अनेक ठिकाणीं आहेत. असे निर्बंध योग्य आहेत, याबद्दल मला शंका नाहीं. शंका आहे ती मोजणीबद्दल: अंतर कोणत्या पाण्यापासून मोजावयाचें, आणि तें मोजून झाल्यावर ज्यांची जागा गेली त्यांनीं आपलें माणूस कोठें न्यावयाचें?

हे दोन प्रश्न भाटघराला विचारण्याचें कारण असें. कायदा साधारणतः असें गृहीत धरतो कीं पाणी आपल्या जागीं स्थिर आहे आणि कोणी तरी दफनभूमि त्याच्या जवळ आणूं पाहत आहे. भाटघरला उलट झालें. तेथें पाणीच मृतांकडे चालत आलें. वेळवंडीवर पहिलें धरण १८९२ सालीं पुरें झालें. व्हाइटिंग या इंजिनियरच्या नांवावरून त्या तलावाला व्हाइटिंग तलाव म्हणत. नीरेच्या कालव्यांना तें पाणी अपुरें पडूं लागलें, म्हणून १९१२ पासून नव्या, पुष्कळच उंच धरणाचें काम चाललें आणि तें १९२७-२८ च्या सुमारास तडीस गेलें. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचें नांव त्याला दिलें होतें. आतां त्या जलाशयाला शिवछत्रपतींचे सरदार येसाजी कंक यांचें नांव आहे, आणि तें त्या मावळाला अधिक शोभतें. पाण्याचा सांठा चोवीस अब्ज घनफुटांच्या जवळपास. वेळवंडी पुढें नीरेला मिळते, नीरेचें पाणी वीर येथें अडवून डाव्या आणि उजव्या कालव्यांनीं बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या तालुक्यांना जातें. म्हणजे मावळांतल्या कांहीं गांवांच्या मसणवट्यावरून जें पाणी पसरलें, त्यावर शंभर मैलांपर्यंतचा ऊंस पिकला. आणि वाटेवरच्या कित्येक वस्त्यांची तहानहि त्याच पाण्यावर भागली.

याचा अर्थ तें पाणी दूषित आहे असा कोणी घेऊं नये. जवळजवळ शंभर वर्षें लोटलीं, आणि एवढ्या पाण्यांत त्या जुन्या मातीचा हिशेब राहत नाहीं. मला दाखवावयाचें आहे तें वेगळेंच. पाण्याची हद्द ही शेताच्या हद्दीसारखी धोंड्यानें पक्की होत नाहीं. भाटघरचें पाणी ऑगस्टांत जेथें उभें असतें तेथून मे महिन्यांत तें कित्येक ठिकाणीं नजरेआड गेलेलें असतें. आज जलाशयाच्या फुगवट्यावरच्या गांवांत कोणी मे महिन्यांत सांखळी घेऊन मोजूं लागला, तर पाण्यापासून अगदीं सुरक्षित अशी जागा त्याला सांपडेल. आणि श्रावणांत तिच्याच पायथ्याशीं लाटा येतील.

आतां एक आक्षेप ऐकूं येतो: "आम्ही दहन करतों, दफनाशीं आमचा काय संबंध?" संबंध आहे. दोन वर्षांच्या आंतलें मूल गेल्यास तें जाळूं नये, गांवाबाहेर शुद्ध भूमींत पुरावें, असा दंडक मनुस्मृतींत आहे आणि तो आपल्या घरांतून आजहि बहुधा पाळला जातो. लिंगायत, गोसावी, नाथपंथी, कित्येक आदिवासी आणि दलित जाति, मुसलमान, ख्रिस्ती हे सर्व आपलें माणूस मातीला देतात. सरपण ज्याला परवडत नाहीं त्याचा तर धर्म पाहण्याचें कारणच उरत नाहीं. तेव्हां हा महाराष्ट्रांतल्या बहुतेक गांवांचा प्रश्न आहे.

पाणवठा आणि मसणवटा यांचें शेजारीपण कसें जमलें, हेंहि पाहण्यासारखें आहे. आपल्या घाटमाथ्यावर काळा खडक, त्यावर मुरूम आणि त्यावर वीत-दोन वीत माती. पाणी सांपडावयाचें तें ओढ्याच्या कांठीं, म्हणून विहीर ओढ्याच्या कांठीं. अंत्यविधीलाहि पाणी लागतें: स्नानाला, घागरीला, तिसऱ्या दिवशीं राख सावडण्याला. शिवाय ओढ्याकांठची खडकाळ किंवा चोपण जमीन पिकाला निरुपयोगी. ती गांव आनंदानें मृतांना देतें. दोघांनाहि एकच ओढा हवा असतो, म्हणून ते शेजारी होतात. अलीकडे नळयोजनांसाठीं ज्या विहिरी खणतात, ज्यांना सरकारी कागदांत 'उद्भव' म्हणतात, त्याहि पाण्याच्या ओढीनें नदीच्या किंवा धरणाच्या कांठीं येऊन बसतात. आणि तेथें जुनी दफनभूमि आधींच असते. मागाहून आलेल्यानें आधींच्याला "तूं फार जवळ आहेस" म्हणावें, असा हा प्रकार आहे.

युरोपांतल्या कायदेकारांना ही अडचण दीडदोनशें वर्षांपूर्वीं जाणवली होती. फ्रान्समध्यें १८०४ च्या आज्ञेनें दफनभूमि शहराबाहेर हलविल्या. आणि १८०८ च्या आज्ञेनें असें ठरविलें कीं अशा नव्या दफनभूमीपासून शंभर मीटरांच्या आंत परवानगीवांचून कोणीं घर बांधूं नये कीं विहीर खणूं नये. आधींची विहीर तेथें असेल, तर तज्ज्ञांनीं पाहणी केल्यावर ती बुजविण्याचा हुकूम देण्याचीहि त्यांत तरतूद होती. मला हा कायदा मोठा मार्मिक वाटतो. बंधन त्यांनीं जिवंतांवर घातलें, कारण हलूं शकणारा पक्ष तोच होता. इंग्लंडांत १८४७ च्या कायद्यानें दफनभूमि चालविणाऱ्या कंपन्यांना जरब दिली: आपल्या जागेंतली घाण कोणत्याहि ओढ्यांत, कालव्यांत, तलावांत किंवा पाणवठ्यांत जाऊं दिली, तर दर गुन्ह्यास पन्नास पौंड दंड. त्या काळांत पन्नास पौंड ही रक्कम चेष्टेची नव्हती.

आपल्याकडे १८६० च्या दंडविधानांत २७७ वें कलम होतें. सार्वजनिक झऱ्याचें किंवा जलाशयाचें पाणी जो बुद्धिपुरस्सर दूषित करील, आणि तें नेहमीं ज्या कामीं येतें त्या कामास कमी योग्य करील, त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांचशें रुपयांपर्यंत दंड. या कलमाची एक गंमत वकील मंडळींना ठाऊक असते. पात्रांतून अखंड वाहणारी नदी ही 'सार्वजनिक झरा किंवा जलाशय' या शब्दांत बसत नाहीं, असा मद्रास हायकोर्टाचा १८८१ चा जुना निवाडा आहे. तो लावून पाहिला तर वेळवंडी वाहत होती तोंवर या कलमाच्या बाहेर होती आणि भिंत घालून अडवितांच ती कलमाच्या आंत आली! २०२४ च्या जुलैपासून दंडविधानाच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली; तींत हेंच कलम २७९ व्या क्रमांकानें आहे, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत आणि दंड पांच हजारांपर्यंत वाढविला आहे. पण मुद्दाम घाण करणाऱ्याला पकडण्याचें हें कलम आहे. आईनें आपलें मूल वाडवडिलांच्या जागीं पुरलें, तर तिला या कलमाखालीं कोणता शहाणा फौजदार धरील?

म्हणून दुसरी रीत, परवानगीची. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यांत ती स्पष्ट आहे. प्रेतांच्या विल्हेवाटीच्या सर्व जागांची नोंद झाली पाहिजे, नवी जागा आयुक्तांच्या परवानगीवांचून उघडतां कामा नये, आणि एखादी जागा आरोग्यास अपायकारक झाली आहे असें आढळलें तर सरकारच्या संमतीनें ती बंद करतां येते. पुढें १९४९ च्या महानगरपालिका कायद्यानें हीच व्यवस्था इतर मोठ्या शहरांना लागू केली. पुण्याचा कारभार त्यावरच चालतो. खेड्यांत १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानें दहन-दफनभूमीची निगा पंचायतीच्या कामांत घातली. या कायद्यांचा सारा भर अधिकाऱ्याच्या नजरेवर आहे, मोजपट्टीवर फारसा नाहीं. तामिळनाडूनें मात्र १९९९ च्या ग्रामपंचायतीसंबंधीं नियमांत घर आणि पिण्याच्या पाण्याचा उगम या दोहोंपासून ठरावीक अंतराच्या आंत, मान्य जागा सोडून, प्रेत पुरण्यास वा जाळण्यास मनाई केली.

मोजपट्टी आमच्या महाराष्ट्राच्या कायद्यांत नाहीं असें मात्र नव्हे. १९९३ च्या भूजल कायद्यानें पिण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून पांचशें मीटरांच्या आंत, पाणलोट एकच असेल तर, परवानगीवांचून नवी विहीर खणण्यास बंदी केली. म्हणजे गांवच्या विहिरीचें पाणी शेजारच्या ऊंसानें पळवूं नये याची काळजी आम्हीं पांचशें मीटरांपर्यंत घेतली! पाणी किती उरेल याचें माप आमच्याजवळ पक्कें होतें. तें कसें उरेल याचें माप आम्हीं बहुतांशीं अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडलें. पुढें २००९ चा भूजल कायदा झाला आणि २०१४ पासून तो अमलांत आला. त्यांत पाण्याच्या गुणाचाहि विचार आहे, ही समाधानाची गोष्ट.

मग शास्त्र किती अंतर सांगतें? जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानें १९९८ सालीं या विषयावर एक छोटी पुस्तिका काढली. तिची शिफारस अशी: पिण्याची विहीर, कूपनलिका किंवा झरा यांपासून २५० मीटरांच्या आंत माणसाचें वा जनावराचें प्रेत पुरूं नये; इतर ओढ्यांपासून ३० मीटर, शेतांतल्या चरापासून १० मीटर दूर राहावें; आणि खड्ड्याचा तळ भूजलाच्या सर्वांत उंच पातळीहून निदान एक मीटर वर असावा. यांतली शेवटची अट ऐकतांना लहान वाटते. माझ्या मतें तीच सर्वांत मोठी आहे. ती कां, हें समजण्यासाठीं जमिनींत काय घडतें तें थोडक्यांत सांगतों.

माणसाच्या शरीरांत निम्म्याहून अधिक पाणीच असतें. मातींत ठेवल्यावर तें हळूहळू पाझरतें, आणि त्याबरोबर क्षार आणि नत्रयुक्त द्रव्यें जातात. माती कोरडी आणि सच्छिद्र असेल तर तिच्यांतली हवा व तिच्यांतले असंख्य सूक्ष्म जीव हा पाझर गाळतात, पचवितात, रोगजंतूंना मारतात. शेवटीं उरतात बहुतेक क्षार आणि नायट्रेट. माती हें एक संथ, न बोलणारें गाळणयंत्र आहे. पण तेंच यंत्र पाण्यानें भरलें कीं बंद पडतें. हवा नाहीं, म्हणून कुजणें अर्धवट राहतें; आणि गाळण्याआधींच पाझर भूजलांत उतरतो. आमच्या काळ्या खडकाची आणखी एक खोड आहे. त्याच्या भेगांतून पाणी गाळलें न जातां सरळ धांवतें. तांबड्या मातीच्या दहा हातांत जें काम होतें, तें भेगाळ खडकाच्या शंभर हातांतहि होत नाहीं. भोर-वेल्ह्याच्या बाजूला पाऊस इतका कीं आषाढांत विहिरीला बादली हातानें बुडवावी. तेव्हां तेथें पुरण्याची जागा ठरवितांना 'विहिरीपासून किती दूर' याच्या आधीं 'पावसाळ्यांत खड्ड्यांत पाणी लागतें कीं नाहीं' हें पाहिलें पाहिजे. त्यासाठीं प्रयोगशाळा नको. भर श्रावणांत एक खड्डा खणून रात्रभर उघडा ठेवावा.

इतकें सांगितल्यावर दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे, नाहीं तर मी घबराट पसरविली असें होईल. मृतांमुळें पाणी बिघडून सांथ आल्याचीं उदाहरणें पाहूं गेलें तर तीं फार थोडीं आहेत. जिवंत माणसांनीं आणलेल्या सांथी मात्र मोजतां येणार नाहींत. लंडनमध्यें १८५४ सालीं ब्रॉड स्ट्रीट भागांत पटकीनें कांहीं दिवसांत शेंकडों माणसें गेलीं. त्या वेळीं लोकांत अशी बोलवा होती कीं १६६५ च्या प्लेगांत मेलेल्यांना जेथें पुरलें ती जमीन नव्या गटाराच्या खोदाईनें उकरली गेली, तिची ही विषारी हवा. डॉक्टर जॉन स्नो यांनीं घरोघरीं फिरून दाखविलें कीं रोग त्या रस्त्यावरच्या पाण्याच्या पंपांतून येत होता. आणि पुढें निष्पन्न झालें कीं पंपाच्या विहिरीशेजारच्या एका घराच्या शौचकूपाचें पाणी तींत मुरत होतें. दोनशें वर्षांपूर्वींच्या मृतांवर आळ आला होता आणि गुन्हा शेजारच्या घराचा होता.

पुण्याला याचें उदाहरण शोधण्यास लंडनला जावयास नको. २०२५ च्या जानेवारींत सिंहगड रस्त्याच्या भागांत गियां-बारे नांवाच्या मज्जातंतूंच्या विकारानें माणसें एकाएकीं लुळीं पडूं लागलीं. दोनशेंच्या वर रुग्ण झाले, कांहीं दगावले. संशय पाण्यावर गेला. नांदेड गांवच्या विहिरीचें नांव सर्वांच्या तोंडीं झालें. कित्येक रुग्णांत कॅम्पिलोबॅक्टर हा आंतड्याचा जंतु सांपडला. तो जंतु तेथें कोणत्याहि कबरींतून आला असें कोणी म्हटलें नाहीं. वस्ती वाढली, सांडपाण्याची सोय वाढली नाहीं, एवढी साधी गोष्ट होती. शौचखड्डा विहिरीपासून तीस मीटर तरी दूर असावा असा संकेत आहे. किती बंगल्यांच्या आवारांत तो पाळला जातो, हें श्रोत्यांनीं आपापल्या कुंपणाच्या आंत उभें राहून पाहावें.

मला हें आवर्जून सांगावेंसें वाटतें, कारण मृतांच्या बाबतींत भीति आणि किळस या दोन भावना फार लवकर कायद्याचा वेष घेतात. २०२० सालीं मुंबईला वांद्र्याच्या कांहीं रहिवाशांनीं आपल्या जवळच्या कबरस्तानांत करोनानें मेलेल्यांना पुरूं नये म्हणून हायकोर्टाकडे धांव घेतली होती. प्रेतांतून रोग पसरतो याला कांहीं आधार नाहीं, असें सांगून कोर्टानें तो अर्ज फेटाळला. नैसर्गिक आपत्तींतल्या प्रेतांची व्यवस्था कशी करावी, याविषयीं जागतिक आरोग्य संघटनेनें आणि रेडक्रॉसनें २००६ सालीं जी हातपुस्तिका काढली तिचेंहि हेंच सांगणें: आपत्तींतलीं प्रेतें सांथ आणतात ही समजूत चूक आहे. गंमत अशी कीं तीच पुस्तिका पिण्याच्या पाण्यापासून दोनशें मीटर तरी दूर पुरा असें सांगते. या दोहोंत विसंगति नाहीं. अंतर ठेवा, पण भिऊन नव्हे, हिशेबानें ठेवा.

आणि हिशेब सर्वांना सारखा पाहिजे. भोरहून वरंधा घाट उतरला कीं महाड. भाटघरचें नवें धरण पुरें होत आलें होतें त्याच १९२७ सालीं, २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्याचें पाणी डॉक्टर आंबेडकर आणि त्यांचे सहकारी प्याले. मागाहून गांवच्या सनातनी मंडळींनीं एकशेंआठ घागरी पंचगव्य ओतून तें तळें 'शुद्ध' करून घेतलें. तळ्यावर गुरें येत होतीं, कपडे धुतले जात होते. त्यानें तें बाटलें नव्हतें. मनुष्याच्या ओंजळीनें बाटलें! पुढें दहा वर्षें खटला चालून १९३७ सालीं हायकोर्टानें निकाल दिला आणि तळें सर्वांचें ठरलें. पण स्वच्छता आणि सोवळें यांची गल्लत करण्याची संवय एका निकालानें जात नसते. उद्यां कोणी पाण्याच्या नांवानें दफनभूमि हलवावयास निघाला, तर पहिल्यानें कोणाची हलेल? ज्यांना गांवानें चांगली जागा कधींच दिली नाहीं, ज्यांच्या वांट्याला ओढ्याचा कांठ आणि पुराची पुळण आली, त्यांचीच. सांखळी खरी असेल, अंतर खरोखर कमी भरेल. तरी त्या अंतराला जबाबदार ते नव्हते.

याकरितां कायद्याची पुढची ओळहि वाचली पाहिजे. १८८८ च्या त्याच मुंबईच्या कायद्यांत असें आहे कीं असलेल्या जागा अपुऱ्या पडतील तेव्हां पालिकेनें नवी, सोईची जागा करून द्यावी. बंदी आणि तरतूद एकाच प्रकरणांत, जवळजवळ एकामागून एक कलमांत. पहिलें कलम वापरणारे अधिकारी पुष्कळ भेटतात. दुसरें कलम कपाटांतून काढावयास लावणारा नागरिक विरळा. धरणाच्या फुगवट्यावरच्या गांवांची स्थिति तर अधिकच अवघड आहे. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि राखीव जंगल, मधल्या पट्टींत घरें आणि भातखाचरें. अशा गांवाला 'पाण्यापासून दूर जा' एवढेंच सांगणें म्हणजे त्याला कांहींच न सांगणें होय. त्याच्या आजोबांची जागा एकदां पाण्यानें घेतली. नातवाची जागा पाण्याच्या नियमानें जाणार असेल, तर जागा देण्याचा बोजा ज्यांनीं पाणी अडविलें आणि जे तें वापरतात त्यांच्यावर पडला पाहिजे. कालव्याच्या शेवटच्या टोकाला नळ सोडणारा गृहस्थहि या हिशेबाच्या बाहेर नाहीं.

गांवपातळीवर करण्यासारखें पुष्कळ आहे आणि त्यांतलें बरेंचसें आजच होऊं शकतें. आरोग्यखातें पावसाळ्यापूर्वीं आणि पावसाळ्यानंतर पाण्याच्या उद्भवांची पाहणी करून गांवाला लाल, पिवळें किंवा हिरवें कार्ड देतें. या पाहणींत विहिरीभोंवतालचा उकिरडा, गोठा, शौचखड्डा हीं जशीं पाहतात, तशी दफनभूमीची जागा आणि तिचा उतारहि कागदावर आला, तर निम्मा प्रश्न सुटेल. विहीर वरच्या अंगाला आणि दफनभूमि खालच्या अंगाला असेल तर थोडें कमी अंतरहि फारसें बाधत नाहीं. उतार उलटा असेल तर अडीचशें मीटरहि पुरेसे आहेत असें मानून स्वस्थ बसूं नये. जागा हलविणें अशक्यच असेल तेथें उद्भव हलवावा; फ्रेंचांनीं विहीर बुजविण्याची तरतूद केली होती, ती लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पाण्याची तपासणी करतांना जंतूंबरोबर नायट्रेटहि पाहावें. पिण्याच्या पाण्यांत तें लिटरमागें ४५ मिलिग्रॅमांहून अधिक नसावें असें भारतीय मानक आहे. विहिरींत टाकलेल्या ब्लीचिंग पावडरीनें जंतु मरतात, नायट्रेट जात नाहीं.

मीं आरंभीं सांगितलेल्या त्या मे महिन्याच्या भेटींत जलाशयाच्या कांठीं एक वृद्ध गृहस्थ शेळ्या चारीत बसले होते. त्यांच्या वस्तीची पुरण्याची जागा वरच्या टेपावर होती. लहानशी, भोंवतीं निवडुंग. खालचें पाणी इतकें दूर होतें कीं मला ती जागा सर्व नियमांत बसणारी वाटली, आणि तसें मीं बोलून दाखविलें. "बाबा, पाण्यापासून लांब आहे कीं ही."

ते हंसले. म्हणाले, "साहेब, तुम्ही आज आलाय. पाणी पाहायचं तर पोळ्याला या."

मग ते उठले आणि काठीनें एक ओळ दाखविली. टेपाच्या उतारावर, निवडुंगाच्या कुंपणापासून पंधरा-वीस पावलांवर, वाळलेल्या काटक्या, पालापाचोळा, एक फुटकी प्लास्टिकची बाटली आणि लव्हाळ्याचीं मुळें यांची एक लांब रेघ डोंगराच्या कडेकडेनें वळत गेली होती. गेल्या पावसाळ्यांत भरलेलें पाणी जेथें थांबलें होतें, तेथें तें हा सगळा कचरा ठेवून गेलें होतें. मीं त्या रेघेपासून कुंपणापर्यंत पावलें मोजलीं. ते शेळ्यांकडे पाहत उभे राहिले.